माया सोडून बेतलेला कागद

कापायच्या टेबलावर कापडाशिवाय काही ठेवायचं नाही, हा मास्तरीणबाईंचा नियम पस्तीस वर्षं जुना. चहाचा कप नाही, चष्म्याचं घर नाही, कुणाचं कोपर तर नाहीच. त्या रविवारी सकाळी थोरल्या मुलाने निळ्या फायलीतून कागद काढले, टेबलावर ठेवले, दोन्ही तळव्यांनी सपाट केले, आणि मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. धाकट्या मुलीला तेव्हाच कळायला हवं होतं.

मास्तरीण ही पदवी नवऱ्याकडून आलेली. नवरा कटिंग मास्तर. तो गेला तेव्हा थोरला शाळेच्या शेवटच्या वर्षात होता आणि धाकटी अजून फ्रॉकमध्ये. दुकान आता बंदच होणार, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. तीन आठवड्यांनी शटर वर गेलं आणि आत कात्री घेऊन बाई उभ्या. पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "आता मास्तर कोण?" बाई म्हणाल्या, "आधी माप द्या, मग सांगते." त्या दिवसापासून त्या मास्तरीणबाई. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे एक सुटी खोली, आणि हे सगळं त्यांच्या एकटीच्या नावावर, कारण ते त्यांनी एकटीने सुईच्या टोकावर उचललेलं होतं.

आता त्या शहात्तरच्या. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग खडूची रेघ सरळ येईना. डॉक्टरांनी त्यांना चालून दाखवायला लावलं, बोटावर बोट आपटायला लावलं, आणि शेवटी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हा आजार मारत नाही, पण सोडतही नाही. हळूहळू वाढत जाईल. पाच वर्षं, दहा वर्षं. पुढे पुढे कपडे घालायलाही माणूस लागेल."

"मी जन्मभर लोकांना कपडे घातले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता मला कुणी घातले तर फिटंफाट."

डॉक्टर हसले. थोरला तेव्हापासूनच कामाला लागला. माणूस वाईट नव्हता, पण काळजी वाटली की त्याला फाइल करावीशी वाटायची. त्याने एक सल्लागार गाठला, म्हाताऱ्या माणसांच्या घरादाराची आधीच नीट व्यवस्था लावून देणारा. त्या सल्लागाराने तयार केलेले कागद आता टेबलावर होते.

थोरल्याने घसा खाकरला. "आई, हे बघ, माणसाचं आयुष्य म्हणजे…"

"बुवा, पूर्वरंग आटपा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आख्यानाला या."

कोपऱ्यात काजवाली हसली. ती गेली बावीस वर्षं त्या कोपऱ्यात बसून काज करत, बटणं लावत आलेली. रविवारची सुट्टी तिला मानवत नसे. घरी बसले तर भांडते, म्हणायची.

"बरं, सरळ सांगतो," थोरला म्हणाला. "हे बक्षीसपत्र आहे. घर आणि दुकान तू आत्ताच आम्हा दोघांच्या नावावर करायचं. आम्ही ते विकू. तू सहा महिने माझ्याकडे राहशील, सहा महिने हिच्याकडे. काही बघायचं नाही, काही करायचं नाही. आराम."

"आत्ताच का? मेल्यावर का नाही?"

थोरल्याने फायलीतला हिशेबाचा कागद पुढे सरकवला.

"कारण तोवर काही उरणार नाही, आई. सल्लागारांनी मला गणित मांडून दाखवलं. चोवीस तास माणूस ठेवायचं, नाहीतर चांगल्या शुश्रूषागृहात राहायचं म्हटलं, तर हे घर साडेचार वर्षांत संपतं. तुझ्या नावावर राहिलं तर ते तुझ्यावरच खर्च होणार."

"माझं घर माझ्यावर खर्च होणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फारच वाईट."

"तसं नाही गं."

"असू दे. वाचू दे मला."

त्यांनी चष्मा लावला आणि ओळींखालून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. बोट थरथरत होतं म्हणून दर ओळीला थोडं मागे जात होतं. तिसऱ्या पानावर ते थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'मातोश्रींच्या निवासाची व देखभालीची सोय उभय मुले आपापल्या सोयीने करतील.'

"एका वाक्यात सोय दोनदा आली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पहिली माझी, दुसरी तुमची. दुसरी जरा रुंद आहे."

"ती भाषा असते कायद्याची."

त्यांनी सगळी पानं एकत्र धरली, कड चाचपून पाहिली, उलटी करून पाहिली, जसं एखादं तयार जाकीट आतून बघावं तसं. मग खाली ठेवली.

"अगदी अंगाबरोबर कापलाय. ह्यात माया कुठे आहे?"

थोरला गोंधळला. "माया?"

"माया सोडलेलीच नाही कुठे. असला कागद मी अंगावर घेणार नाही. माया ठेवून आण, मग बघू."

काजवालीने दोरा दातात धरला आणि मान खाली घातली. थोरल्याने कागद फायलीत भरले. जाताना तो दारात घुटमळला, परत आला, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. त्याचे डोळे भरून आलेले धाकटीने पाहिले. असं काय झालं, ते तिला समजेना.

पुढच्या रविवारी तो दहाच्या आत हजर. कागद तेच, एक कलम वाढलेलं. त्याने उभं राहून वाचून दाखवलं.

"कलम सात. उभय मुले मातोश्रींवर आजन्म, निर्व्याज व समप्रमाणात माया ठेवतील."

काजवाली आधी खोकली, मग तोंडावर पदर घेऊन वाकली, आणि मग तिला काही आवरेना.

"हसायला काय झालं?" थोरला म्हणाला. "सल्लागारांचे वकील म्हणत होते असं कलम ते जन्मात लिहिणार नाहीत. मी बसून स्वतः टाइप केलं."

"निर्व्याज म्हणजे काय रे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे निर्मळ. मनापासून."

"मला वाटलं बिनव्याजी."

"आई."

"आणि समप्रमाणात म्हणजे, हिने सकाळी किलोभर केली की तू संध्याकाळी किलोभर?"

तेव्हा धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "दादा," ती म्हणाली, "आई शिलाईतली माया म्हणत होती रे."

शिंपीकामात माया म्हणजे टिपेच्या आत राखलेलं जादा कापड. बाहेरून ते दिसत नाही. पण उद्या अंग भरलं, मूल वाढलं, पोट सुटलं, तर तीच टीप उसवून कपडा मोठा करता येतो. चिकट शिंपी माया सोडत नाही, कापड वाचवतो. मग सहा महिन्यांत गिऱ्हाईक नवा कोट शिवतं आणि शिंपी बदलतं. हे थोरल्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ह्याच टेबलाखाली बसून त्याने अभ्यास केला होता, कानांवर दिवसभर हेच शब्द. पण शुश्रूषागृहाचं गणित मांडून दाखवल्यापासून त्याच्या मनात काहीतरी टोचत होतं, आणि आई 'माया' म्हणाली तेव्हा त्याला ती टोचणीच ऐकू आली.

तो लाल झाला. खुर्ची ओढून बसला.

"तुमची माया आहे, ते मला माहीत आहे रे बाळा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "ती कागदावर आणून तिची शोभा कशाला करतोस? आजवर कुठल्या आईला मुलाने कोर्टातून माया आणून दिलीय? मला कापड पाहिजे, कापड. आज मी एकटी जिना चढते, म्हणून तुमचा कागद मला बरोबर बसतो. दोन वर्षांनी माझं दुखणं वाढेल. दुखणंही अंगच आहे, तेही भरतं. तेव्हा उसवायला आत काय आहे? घर तुमचं, दुकान तुमचं, सोय तुमची. मी काय उसवू?"

"आम्ही आहोत ना," थोरला म्हणाला.

"तुम्ही आहात. तुझी बायको आहे, तिची आई आहे, तुझी नोकरी आहे, गुडघा आहे. हिचा नवरा बाहेरगावी असतो. तुम्ही आहात म्हणजे काय, तुम्हीही अंगाबरोबरच कापलेले. देव बघ केवढा कटिंग मास्तर. लहान पोराच्या कातडीत त्याने माया सोडली म्हणून पोर वाढतं. एवढासा जीव, पण आत पुढच्या वीस वर्षांचं कापड दुमडून ठेवलेलं. त्याने माझ्याबाबतीत कंजुषी केली नाही, आणि तुझा सल्लागार करतो?"

"देवाला मध्ये आणू नकोस."

"तो मध्येच असतो. मी कुठून आणणार?"

काजवाली पुन्हा हसली आणि तिथेच बिनसलं. थोरला उठला.

"हसा तुम्ही. मी गेला आठवडाभर झोपलो नाही. मी म्हणत होतो, आईला एवढंच हवं असेल तर ते लिहून द्यायला माझ्या बापाचं काय जातं. आणि इथे माझी थट्टा." त्याचा आवाज चढत नव्हता, उलट खाली येत होता, आणि ते जास्त वाईट होतं. "स्पष्ट बोलू? हे घर बाबांचं आणि तुझं उभं आयुष्य आहे. ते मलमपट्ट्या आणि पगारी बायका यांच्यात जाऊ द्यायचं, शेवटी हाताला काही नाही, हे मला बघवत नाही. तुला हे कळत नाहीये, आई. आता सगळं नीट पोचत नाही तुझ्यापर्यंत."

शेवटचं वाक्य बोलून त्याने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

मास्तरीणबाईंनी टेबलाची कड धरली आणि उभ्या राहिल्या. उभं राहायला त्यांना वेळ लागायचा. पहिल्यांदा कंबर, मग पाठ, मग मान. कुणी मदतीला आलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणाचं धाडस झालं नाही.

"कागद उचल," त्या म्हणाल्या. "हे कापायचं टेबल आहे."

त्याने उचलले. "म्हणजे सही करणार नाहीस."

"नाही."

"सगळं संपवणार."

"संपवणार. वाळवीने खाण्यापेक्षा मी खाल्लेलं काय वाईट? ताटातलं द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये म्हणतात. ताटातलं तुम्हाला आजवर दिलं, कधी मोजलं नाही. पाटावरून मात्र मी उठत नाही. उरेल ते तुमचं. नाही उरलं तर नाही उरलं, तुम्ही दोघं शिकलेसवरलेले आहात, मिळवते आहात, उपाशी मरणार नाही."

थोरला गेला. धाकटी राहिली. ती म्हणाली, "आई, साडेचार वर्षांनी काय करशील? खरंच संपलं तर?"

"ते विचारायला वकिलाकडे जायचंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या नाही. माझ्या."

त्यांची वकीलबाई चौकातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसायची. लिफ्ट होती, पण मंगळवारी बंद, आणि तो मंगळवार. काजवालीने एक दंड धरला आणि दर सहा पायऱ्यांनी दोघी थांबल्या. वरून उतरणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. एक जण म्हणाला, "आजी, उद्या यायचं होतं." मास्तरीणबाई म्हणाल्या, "उद्या पायऱ्या वाढल्या असत्या."

वकीलबाई चांगली आडव्या बांध्याची होती. तिचा काळा कोट मास्तरीणबाईंनी शिवलेला, ती वकील झाली त्या वर्षी, आणि तेव्हापासून तीनदा मोठा केलेला. तिने दोघींना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. बक्षीसपत्राचं ऐकून भुवई वर गेली. कलम सातचं ऐकून तिने चष्मा काढून डोळे पुसले.

"तर मला माया ठेवून कागद पाहिजे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

वकीलबाईने नकळत कोटाची बाजूची शिवण चाचपली. "किती बोटं?"

"चार."

"ठेवू." ती पुढे वाकली. "हे असं बघा. बक्षीसपत्र म्हणजे पक्की टीप. एकदा मारली की तुमच्या हातात काही राहत नाही. मृत्युपत्र म्हणजे कच्चा दोरा. तुमचा श्वास चालू आहे तोवर हवं तेव्हा ओढून काढा, पुन्हा घाला. मुलांना द्यायचं ते मृत्युपत्रात घालू, समसमान, उरेल ते. आणि जिवंतपणी घर राबेल तुमच्यासाठी. आधी काय सोडाल?"

"दुकान. माझ्या हाताने आता काम होत नाही. हिला भाड्याने देते." त्यांनी काजवालीकडे हात केला. काजवालीला हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तरी ती पुन्हा बावरली. "त्या भाड्यात दिवसपाळीची बाई येईल. दुखणं वाढलं की मागची खोली. आणखी वाढलं की सगळं विकायचं, आणि मला चांगल्या जागी ठेवायचं, जिथे खिडकी आहे आणि माणसं मोठ्याने बोलत नाहीत."

"आणि तेही संपलं?"

काजवालीने मास्तरीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"तर मुलांकडे जाईन. जेव्हा मी त्यांच्या घरी जाईन, तेव्हा माझ्याकडे खरंच काही नसेल आणि ते त्यांनाही ठाऊक असेल. त्यात कसली लाज नाही. आत्ता सगळं देऊन मग हात पसरायचा, त्यात आहे."

वकीलबाईने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तिने तो प्रश्न विचारला, जो घरात कुणीच तोंडावर विचारला नव्हता.

"मास्तरीणबाई, हात तर गेलाच आहे. उद्या डोकं गेलं तर? तुम्हाला कळेनासं होईल तेव्हा तुमच्या वतीने ठरवणार कोण? नाव आजच लिहावं लागेल. ते नाव नसेल तर बाकी कागद फुकट."

थोरल्याचा तो 'नीट पोचत नाही' हा शब्द मास्तरीणबाईंना घरी, टेबलापाशी उभं असताना जितका लागला नव्हता तितका आता लागला. कारण तो उद्या खरा ठरू शकत होता. देवाला त्यांनी आजवर फारसं मागितलं नव्हतं, पण त्या खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणाल्या, हात घेतलास, पाय घे, पण डोकं शेवटपर्यंत राहू दे. आणि लगेच पुढे म्हणाल्या, नाही ठेवलंस तर माझी तयारी असू दे.

"धाकटी," त्या म्हणाल्या.

"थोरला नको?"

"थोरला वाचवत बसेल. धाकटी खर्च करेल." मग म्हणाल्या, "त्याला विचारायचं मात्र. प्रत्येक वेळी विचारायचं. शेवटचा शब्द तिचा."

वकीलबाईने त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं, बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आणायला. मुलगा उद्या कोर्टात गेला तर हा एक कागद दहा वकिलांच्या बरोबरीचा, म्हणाली. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आजचा वार सांगा."

"मंगळवार. आणि तुमचं वरून तिसरं बटण चुकीच्या काजात गेलंय."

डॉक्टरांनी खाली पाहिलं, बटण नीट केलं आणि दाखला लिहिला.

थोरल्याला त्यांनी स्वतः फोन केला. "गुरुवारी अकरा वाजता नोंदणी कचेरीत सही करतेय. यायचं तर ये, नाहीतर नको येऊस. पण मागून कळलं असं म्हणायचं नाही." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

गुरुवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल नाही. भिंतीच्या कडेला उभा राहिला. धाकटी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने सगळ्या कागदांची प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्याउभ्या वाचली. समसमान वाटे वाचले, 'उरेल ते' वाचलं, धाकटीचं नाव वाचलं. त्या नावापाशी तो थांबला आणि प्रत परत दिली.

"तू मागितलंस हे?" त्याने बहिणीला विचारलं.

"मला काल कळलं. मी रडले."

"आनंदाने?"

"घाबरून, दादा."

नोंदणी अधिकारी तरुण होता, त्याच्या टेबलापुढे रांग होती. त्याने मास्तरीणबाईंचा हात पाहिला. "आजी, थरथरतोय खूप. अंगठा द्या ना. चालतो. पटकन होईल."

"पटकन कुणाला पाहिजे?"

"मागे लोक आहेत, आजी."

"मग त्यांना खुर्च्या द्या."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मास्तरीणबाईंनी पेन घेतलं. पहिलं अक्षर कागदावर टेकताच निसटून वर गेलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, घट्ट, सुईखाली गुळगुळीत कापड धरतात तसं. दुसरं अक्षर उतरलं. तिसऱ्याला पेन पुन्हा उडालं. थोरला दोन ढांगांत पुढे आला. त्याला बघवेना, आणि त्याने आईच्या मनगटाखाली आपला हात दिला.

"सोड," मास्तरीणबाई म्हणाल्या, मान न वळवता. "तू धरलास तर ती तुझी सही होईल."

त्याने हात काढला, पण मागे गेला नाही. बाजूलाच उभा राहिला. अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. एका पानावर तीन सह्या, अशी चार पानं. दोनदा त्यांनी पेन खाली ठेवून बोटं हवेत झटकली आणि पुन्हा उचललं. शेवटची सही पहिलीपेक्षा सरळ आली.

पायऱ्या उतरताना थोरला म्हणाला, "मग मी काय करायचं आता?"

"रविवारी यायचं. कागद न घेता."

"बघतो," तो म्हणाला.

पहिल्या रविवारी आला नाही. दुसऱ्याही. दुकानाच्या दारावर काजवालीने आपल्या नावाची लहानशी पाटी लावली होती आणि ती रोज उठून पुसत होती. वर खोलीत दिवसपाळीची बाई येऊ लागली होती, पस्तिशीची, चपळ, बोलायला कमी. धाकटी म्हणाली, आई, तूच फोन कर त्याला. मास्तरीणबाई म्हणाल्या, मी चुकले असते तर केला असता.

तिसऱ्या शनिवारी त्याचाच फोन आला.

"आई, मी अजून रागावलोय."

"बरं."

"म्हणजे येणार नाही असं नाही. पण राग गेलेला नाही, एवढं सांगतोय."

"मग इथे येऊन रागाव. खुर्ची आहे. फोनवर रागावायला बिल येतं."

रविवारी तो आला. खिडकीपाशी खुर्चीत बसला, चहा घेतला, पेपर उघडून त्याच्या मागे लपला. मास्तरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि दिवसपाळीची बाई त्यांना जाकीट घालत होती. आधी दुखरा हात, मग खांदा, मग पाठीमागून फिरवून दुसरी बाही पुढे. ती घाई करत नव्हती. थोरल्याने पेपर खाली केला आणि बराच वेळ तिची बोटं बघत राहिला.

"हिला महिन्याला किती देतेस?" त्याने विचारलं.

"भरपूर," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि दुसरा हात बाहीत घातला.